आम्हाला हरू द्या!

माझं भांडण मांजरांशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मांजरं मला आवडतात. आमच्या लहानपणी चाळीत मांजर कुणी पाळत नसे, ते आपलं आपण आलेलं असे. दूध खालच्या मजल्यावर, बोंबील मधल्या मजल्यावर आणि बाळंतपण आमच्या माळ्यावर, अशी त्याची व्यवस्था असे. पुढे पिल्लांना सात घरं फिरवून आणण्याचा कार्यक्रम व्हायचा. पण कोणत्याही घरात त्या मांजरीने पाटी लावली नव्हती की, 'इथे बसल्याने आपणांस विश्रांती मिळेल.' विश्रांती ती स्वतः घ्यायची. आम्ही बघत बसायचो आणि बघता बघता आम्हालाही थोडी मिळायची.

माझं भांडण आहे ते मोबाईलमधल्या मांजरांशी. खरं तर त्यांच्याशीही नाही, ती बिचारी सांगाल तिथे बसतात. भांडण आहे त्यांच्या मालकांशी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (असे भाग्यवान अजून असतील), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर चौकोन चौकोन आखलेले असतात. खाली एक टोपली. टोपलीवर बोट टेकवलं की तिच्यातून मांजराचं पिल्लू उडी मारतं. दोन सारखी पिल्लं झाली, की एकाला बोटाने ओढून दुसऱ्यावर नेऊन ठेवायचं. 'टुप्' असा आवाज होतो आणि दोन पिल्लांचं एक जरा मोठं मांजर होतं. तशी दोन मांजरं एकत्र केली की गळ्यात फीत बांधलेलं मांजर. फीतवाली दोन जोडली की चष्म्यावालं. असं करत करत शेवटी सिंहासनावर बसलेलं, मुकुट घातलेलं मांजर. या जोडण्याला 'मर्ज' म्हणतात. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो 1 एप्रिल 2020 ला, दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या तेव्हा. त्या मानाने मांजरांचं बरं आहे. त्यांना नवं पासबुक काढावं लागत नाही.

ज्या पिढीने भिंतीभिंतीवर 'हम दो, हमारे दो' वाचलं, तिला दोघांचा एक होणारा हा संसार पाहून थोडं गहिवरून येणं साहजिक आहे. खऱ्या मांजरांचा हिशेब उलटा असतो. दोन मांजरं एकत्र आली, की दोन महिन्यांनी माळ्यावर सहा सापडतात.

आमच्या मोबाईलमध्ये हा खेळ नातीने घालून दिला. "आजोबा, एकदम रिलॅक्सिंग आहे, तुमचं बीपी उतरेल," असं म्हणाली. खेळाच्या नावाखालीही तसंच लिहिलं होतं. आणि सुरुवातीला ते खरंही होतं, हे मान्य केलं पाहिजे. सारख्याला सारखं जोडणं यात माणसाच्या मनाला फार जुनं असं काहीतरी समाधान आहे. आमची आजी दुपारी सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी शांतता असे, ती तिला कीर्तनातही मिळत नसावी. हात कामात, डोकं मोकळं. मांजरं जोडताना अगदी तसंच वाटतं. म्हणून "या वयात मांजरं कसली जोडताय?" असं विचारणाऱ्यांच्या गटात मी नाही. आमच्या शेजारच्या काकांनी मला हा प्रश्न विचारला. हे काका रोज रात्री नऊ ते अकरा टीव्हीवरच्या चर्चा ऐकतात. मी म्हटलं, "काका, माझी मांजरं निदान शेवटी एकत्र तरी येतात."

तेव्हा खेळण्याबद्दल तक्रार नाही. वेळ वाया जातो, ही तर तक्रारच नव्हे. वेळ वाया घालवायलाच तर खेळ असतो. तक्रार एवढीच आहे की, या खेळात हरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच आहे की! नाही. थोडं थांबा.

आपण आयुष्यभर जे खेळ खेळलो ते आठवून पाहा. झब्बूत शेवटी कुणाच्या तरी हातात पत्ते उरत. बदाम सातमध्ये सत्त्या अडवून बसणारा एक दुष्ट माणूस प्रत्येक घरात असे, पण डाव सुटायचाच. कॅरमवर एकच सोंगटी उरे, बुद्धिबळात राजा कोपऱ्यात सापडे. डाव संपला की दोनच गोष्टी होत. एक तर "आणखी एक डाव!" अशी ओरड होई, नाहीतर आतून "पानं घेतली आहेत" अशी हाक येई. मधे एक फट असे. त्या फटीतून माणूस खेळाबाहेर पडून घरात परत येई. एकट्याने लावायच्या पेशन्सलाही ही फट होती. पत्ते अडले की अडले. गोळा करायचे, रबर लावायचं, डबीत ठेवायचे. पुढे 1990 मध्ये तेच पत्ते विंडोज 3.0 बरोबर कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि यथावकाश आमच्या कचेरीतही पोचले. त्यांनी सरकारी कामाचं काय केलं ते मी सांगणार नाही, पण तेसुद्धा अडायचे. डाव अडला की माणूस नाइलाजाने फाईल उघडायचा.

हरणं म्हणजे काय, तर खेळाने माणसाला दिलेली रजा. मांजरांच्या खेळात ती रजाच मंजूर होत नाही. चौकोन भरले तर दोन मांजरं विकून टाका, असं खेळच सुचवतो. चुकीच्या जागी मांजर ठेवलं तरी काही बिघडत नाही. घड्याळ नाही, शत्रू नाही, हार नाही. आणि म्हणून शेवटही नाही.

शेवट नाही कसा? मुकुटवालं मांजर आहे ना! मीही तोच विचार केला. बत्तीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काढल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या खेळात पिल्लापासून मुकुटापर्यंत बारा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला दोनाचं एक. म्हणजे बाराव्या पायरीच्या एका मांजरासाठी पहिल्या पायरीची पिल्लं लागतात दोन हजार अठ्ठेचाळीस. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत नेणाऱ्या त्या गोष्टीतल्या राजाची जी गत झाली, तीच आमची. आता एक पिल्लू काढायला 'शक्ती'चा एक ठिपका खर्ची पडतो आणि असा ठिपका दर दोन मिनिटांनी एक मिळतो. म्हणजे एका मुकुटाला चार हजार शहाण्णव मिनिटं. अडुसष्ट तास सोळा मिनिटं झाली. शक्तीच्या टाकीत शंभर ठिपके मावतात, म्हणजे ती तीन तास वीस मिनिटांनी भरते आणि भरल्यावर पुढचे ठिपके फुकट जातात. ते जाऊ नयेत म्हणून दर तीन तास वीस मिनिटांनी हजर राहायचं. इतक्या नेमाने मी बीपीची गोळीही घेत नाही. आणि मुकुट मिळालाच, तर दुसऱ्या जातीची मांजरं पुन्हा पिल्लापासून सुरू होतात.

गंमत अशी की, '2048' याच नावाचा एक खेळ आहे. इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तो मार्च 2014 मध्ये एका शनिवार-रविवारात लिहिला आणि फुकट वाटून टाकला. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत 'थ्रीज' नावाचा खेळ आला होता. त्याच्या कर्त्यांनी त्यावर चौदा महिने घालवले होते. त्या थ्रीजच्या नकलांवरून या मुलाला आपला खेळ सुचला. जोडणीचे खेळ असे एकमेकांतच मर्ज होत आले आहेत. पण 2048 मध्ये चौकोन सोळाच. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असं करत 2048 गाठलं तर जिंकलात, आणि सोळा चौकोन भरून हलायला जागा उरली नाही तर हरलात. बहुतेक वेळा आपण हरतोच. हरलो की फोन खाली ठेवतो आणि चहा मागतो.

जपानमध्ये 'सुइका गेम' म्हणून असाच एक खेळ निघाला. सुइका म्हणजे कलिंगड. निन्तेन्दोच्या यंत्रावर तो डिसेंबर 2021 मध्ये आला आणि 2023 मध्ये एकदम सगळ्यांच्या तोंडी झाला. त्यात खोक्यात फळं टाकायची. दोन चेरींची एक स्ट्रॉबेरी, असं करत करत अकरावं फळ कलिंगड. एवढ्या कष्टांनी केलेली दोन कलिंगडं एकमेकांना टेकली, तर काय होतं? दोन्ही नाहीशी होतात! यात मला एक मोठं तत्त्वज्ञान दिसतं, पण ते असो. फळ खोक्याच्या वर आलं की डाव संपला. त्याची किंमत दोनशे चाळीस येन, एकदाच. मंडईतल्यासारखा रोखीचा व्यवहार. पैसे द्या, फळं घ्या, घरी जा.

आणि आमच्या खेळाची रीत? तो फुकट आहे. म्हणूनच तो सोडत नाही. शक्ती संपली की विचारतो, तीस सेकंदांची जाहिरात पाहणार का? पाहिली की थोडे ठिपके मिळतात. जाहिरात असते दुसऱ्या खेळाची आणि तीत कुणीतरी तो खेळ इतका वाईट खेळत असतो, की पाहणाऱ्याचं बीपी वाढावं. जाहिरात नको असेल, तर पैसे देऊन ठिपके घ्या. काहीच नको असेल, तर थांबा. पण थांबूही देत नाहीत. रात्री साडेअकराला फोन 'म्यांव' करतो आणि पाटी येते, 'मनी तुमची वाट पाहते आहे.' सकाळी 'आजची हजेरी लावा, सलग सात दिवस आल्यास बक्षीस.' एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. मी कचेरीत बत्तीस वर्षं मस्टरवर सह्या केल्या. तिथे उशीर झाला तर लाल शेरा पडे हे खरं, पण रविवार होता, दिवाळी होती आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एक नारळ, शाल आणि सुटका होती. या मांजरांच्या कचेरीत निवृत्तीचं वयच नाही.

आपल्याकडे पंगतीत आग्रह करण्याची रीत आहे. "एकच जिलबी, माझ्यासाठी!" पण ताटावर आडवा हात धरला की कट्ट्यातला कट्टा आग्रही यजमानही पुढच्या पानाकडे सरकतो. त्या आडव्या हाताला मान आहे. 'पुरे' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार जेवणाऱ्याचा. या खेळात सगळी बटणं आहेत. 'आणखी' आहे, 'दुप्पट' आहे, 'आत्ताच' आहे. 'पुरे' नाही.

हे चुकून राहिलेलं नाही. बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी 1927 मध्ये प्रयोग छापले की, पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मधेच तोडलेली कामं माणसांच्या जास्त लक्षात राहतात. पुढे सगळ्यांनाच तसं आढळलं असं नाही, पण ज्याच्या घरी गवंडी अर्धी भिंत ठेवून गावाला गेला आहे, त्याला प्रयोगाची गरज नाही. अमेरिकेत स्किनरसाहेबांनी कबुतरांना चोचीने कळ दाबायला शिकवलं. दाणा कधी मिळेल याचा नेम ठेवला नाही, तेव्हा कबुतरं सर्वांत चिवटपणे चोच मारत राहिली. आमच्या टोपलीतूनही क्वचित कधीतरी एकदम चष्म्यावालं मांजर बाहेर पडतं. केव्हा, याचा नेम नाही. तेव्हा पडद्यावर मांजरं दिसत असली, तरी पडद्याच्या अलीकडे कबूतर बसवलेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू. आमची ही म्हणते, "अहो, एवढा त्रास होतो तर काढून टाका. कुणी बळजबरी केली आहे का?" प्रश्न बिनतोड आहे आणि मी बटण दाबून तो सोडवूही शकतो. मी निवृत्त माणूस आहे, माझ्याकडे वेळ पोत्याने पडून आहे. मांजरांनी त्यातला पसाभर खाल्ला तर माझं काही अडत नाही.

पण 'रिलॅक्सिंग' ही पाटी लावून हा माल कुणाला विकतात, ते पाहा. जो थकला आहे त्याला. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा फिरतीवर, मुलगा दहावीत. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की त्यांना पंधरा-वीस मिनिटं मिळतात. दिवसभरात त्यांच्या स्वतःच्या मालकीची तेवढीच. त्या तेवढ्यात मांजरं जोडतात. मला त्या म्हणाल्या, "काका, बरं वाटतं हो. पण उठताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर त्या बाईंचं काही ना काही राहूनच जात असतं. औषध राहतं, इस्त्री राहते, फोन करायचा राहतो. ज्या एका गोष्टीत काही राहून जाऊ नये, तिथेही राहून गेल्याची रुखरुख पेरून ठेवायची आणि ती रुखरुख ठिपक्यांच्या भावाने विकायची, याला मी विश्रांती म्हणायला तयार नाही. सगळ्या जगाला त्या बाई पुऱ्या पडतात. त्यांच्या वीस मिनिटांना तरी 'झालं, पुरं झालं' असं म्हणता आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, शेवट नसलेली प्रत्येक गोष्ट काही वाईट नसते. कबूल. जपानमध्येच 2014 साली 'नेको आत्सुमे' नावाचा मांजरांचा खेळ निघाला. अंगणात खाणं आणि खेळणी मांडून ठेवायची आणि निघून जायचं. तुम्ही खेळ बंद केल्यावर मांजरं येतात. परत उघडाल तेव्हा एखादं खोक्यात झोपलेलं दिसतं. त्यालाही हार नाही, पण त्याच्यात माणसाने निघून जाणं हाच खेळाचा भाग आहे. ज्याने कुणी तो केला, त्याने खरं मांजर पाहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे इच्छा असली की जमतं.

तिसरा आक्षेप, खेळ करणाऱ्यांनी खायचं काय? त्यांनी जरूर खावं. मिसळीच्या एका प्लेटचे पैसे मी आनंदाने देईन. मिसळवाला पैसे घेतो आणि रात्री साडेअकराला फोन करून 'रस्सा तुमची वाट पाहतो आहे' म्हणत नाही.

कायद्याकडून फार आशा नको. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि जिंकून पैसे मिळतील या आशेने पैसे भरून खेळायचे खेळ बंद केले. ते योग्यच झालं. पण आमची मांजरं त्यातून अलगद निसटतात, कारण इथे पैसे भरता येतात, जिंकता मात्र दमडी येत नाही. जुगारात निदान मिळण्याची आशा असते, म्हणून तो जुगार. इथे तीही नाही, म्हणून ही करमणूक!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. खेळाचा डाव असावा आणि तो संपावा. मोठी पाटी दाखवून मला स्वच्छ हरवावं. मी वाईट वाटून घेणार नाही, बदाम साताने मला पुरेसं निबर केलं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात 'पुरे' असं एक बटण असावं आणि ते दाबल्यावर मांजरांनी अंगाची वळकटी करून झोपावं. पैसे घ्यायचे ते एकदाच आणि उजेडात घ्यावेत. आणि रात्री कुणालाही हाक मारू नये. एवढं जमत नसेल, तर 'रिलॅक्सिंग' हा शब्द खोडून तिथे 'पदे भरणे आहे' असं लिहावं, म्हणजे येणारा पगार विचारून तरी येईल.

आणि हेही जमत नसेल, तर मालकांनी निदान एकदा एखादं खरं मांजर घरी आणावं. ते दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. ते खिडकीत झोपलेलं असताना त्याच्या कानाशी जाऊन सांगावं, "मने, तुझी माणसं तुझी वाट पाहत आहेत, सलग सात दिवस हजर राहिलीस तर बक्षीस आहे." मनी एक डोळा उघडेल, त्यांच्याकडे पाहील आणि पुन्हा मिटून घेईल. विश्रांती कशाला म्हणतात, ते तेव्हा त्यांना कळलं तर कळलं.